एकशे चोविसाव्या मजल्यावरून

(तृतीय वर्ष कला, भूगोल)

आमच्या गावाचे नाव ऐकले की परगावची माणसे हमखास एकच विनोद करतात. "वैतरणा? म्हणजे मेल्यावर ओलांडायची ती नदी ना?" पुराणातली वैतरणी निराळी आणि आमची वैतरणा निराळी, हे सांगून सांगून आता कंटाळा आला. आम्ही ती रोज ओलांडतो. सकाळी डहाणू लोकलने कॉलेजला येताना एकदा, संध्याकाळी घरी जाताना एकदा. आणि अजून तरी धडधाकट आहोत! गेल्या मे महिन्यात मात्र वैतरणेबरोबर अरबी समुद्रही ओलांडण्याचा योग आला. त्या प्रवासात, वाटेवरच्या थोड्या तासांच्या मुक्कामात, जगातली सर्वांत उंच इमारत पाहता आली. प्रवासवर्णन लिहिण्याचा माझा विचार नाही. ती इमारत उभी कशी राहते हे मला जेवढे समजले तेवढे सांगावे, आणि तिथे आईने विचारलेल्या एका प्रश्नाचे उत्तर शोधता शोधता मी पुन्हा आपल्याच नदीपाशी कशी येऊन पोचले तेही सांगावे, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

प्रवासाचे निमित्त अगदी घरगुती होते. ताई टोरांटोला असते. तिचे हे पहिलेच बाळंतपण. पहिले बाळंतपण माहेरी करायचे हा आपला रिवाज. पण मुलीला माहेरी येणे जमत नसेल तर माहेरानेच उठून तिकडे जायचे, असा नवा रिवाज हल्ली पडला आहे. आई त्यापूर्वी कधी विमानात बसली नव्हती, म्हणून सोबतीला मी. डिंकाचे लाडू, सुंठ, बाळंतशोपा, जुन्या सुती साड्यांची दुपटी असा सगळा संसार दोन बॅगांत कोंबून आम्ही निघालो. स्वस्तातले तिकीट शोधता शोधता दुबईमार्गे जाणारे मिळाले होते. दुपारी बाराच्या सुमारास दुबईला उतरायचे आणि पुढचे विमान रात्री साडेतीनला. मधले पंधरा तास काय करायचे, हा प्रश्न होता.

तोडगा थोरल्या मामाने काढला. "तिथं बाकड्यावर बसून काय कराल? बुर्ज बघून या," तो म्हणाला.

बुर्ज म्हणजे बुर्ज खलिफा. हा शब्द आपल्याला परका नाही. अरबीतला 'बुर्ज' फारसीच्या वाटेने मराठीत आला आणि 'बुरूज' झाला. वैतरणेच्या मुखाशी असलेल्या अर्नाळ्याच्या किल्ल्याला जे बुरूज आहेत, तेच हे नाव. फरक एवढाच की अर्नाळ्याचा बुरूज शत्रूवर नजर ठेवण्यासाठी बांधला, आणि दुबईचा बुरूज साऱ्या जगाने नजर वर करून पाहावे म्हणून बांधला.

मामाविषयी थोडे सांगितल्यावाचून पुढे जाता येणार नाही. आईचे माहेर वाढीवचे. वैतरणा आणि सफाळे या स्टेशनांच्या मध्ये नदीचे दोन फाटे होतात. दोन्ही फाट्यांवर रेल्वेचे पूल आहेत आणि त्या दोन पुलांच्या मध्ये वाढीव-वैतीपाडा हे बेट आहे. आपण गाडीतून जाताना खिडकीतून ते दोन मिनिटांत मागे पडते. पण तिथल्या माणसाला बाहेर पडायचे म्हणजे एक तर होडी, नाही तर रेल्वेच्या पुलावरून पायपीट. मामाने तरुणपणी खाडीत रेती काढली. होडी नांगरायची, बांबूच्या आधाराने बुडी मारून तळाशी जायचे, बादली भरायची आणि वर यायचे. दिवसभर हेच काम. ती रेती मुंबईकडे जाई. पुढे तो सेंट्रिंगचे आणि सळई बांधायचे काम शिकला आणि २००५ साली एका ठेकेदारामार्फत दुबईला गेला.

तिथून आलेल्या पहिल्या फोनवर त्याने राहण्याचा पत्ता सांगितला, तेव्हा आजीने म्हणे रडायलाच सुरुवात केली. कारण पत्त्यात नाव होते 'सोनापूर'. मुंबईत जन्म गेलेल्या किंवा मुंबईशी संबंध आलेल्या आपल्याकडच्या जुन्या माणसांना सोनापूर म्हणजे स्मशान एवढेच ठाऊक! दुबईतले सोनापूर म्हणजे विमानतळाच्या पलीकडे, शारजाच्या हद्दीजवळची कामगारांची वस्ती. तिचे सरकारी नाव वेगळे आहे. 'सोनापूर' हे हिंदी नाव तिथे राहणाऱ्यांच्याच तोंडी रुळले. एका खोलीत आठ जण, एकावर एक खाटा, पहाटे चारला बस. मामाने बुर्ज खलिफावर काम केलेले नाही. त्याचे काम दुसऱ्या इमारतींवर होते. पण त्या चार वर्षांत बुर्ज त्याच्या डोळ्यांदेखत मजल्या-मजल्याने वाढला. २००८ साली जगभर मंदी आली, कामे थांबली आणि २००९ च्या सुरुवातीला शेवटच्या दोन महिन्यांचा पगार सोडून मामा परत आला. बुर्जच्या आत त्याने कधी पाऊल टाकले नाही. आम्ही निघताना तो मला बाजूला घेऊन म्हणाला, "वर गेलीस की एक काम कर. तिथून सोनापूर दिसतं का, तेवढं बघून ये."

आता, ज्यांना असा मुक्काम पुढेमागे घडेल त्यांच्यासाठी दोन व्यावहारिक गोष्टी. भारतीय पासपोर्टवर विमानतळाबाहेर पडायचे तर ट्रान्झिट व्हिसा लागतो. तो आयत्या वेळी मागून चालत नाही; विमान कंपनीमार्फत आधीच काढून ठेवावा. मोठ्या बॅगा पुढच्या विमानात परस्पर जातात की नाही, हे मुंबईलाच विचारून घ्यावे. बुर्जचे तिकीटही आधी काढलेले बरे, कारण सूर्यास्ताच्या वेळेला गर्दी फार आणि दरही चढे. विमानतळावरून मेट्रो थेट बुर्ज खलिफाच्या स्टेशनला जाते. तिथून वातानुकूलित बोगद्यासारख्या लांबच लांब पुलावरून चालत मॉलमध्ये आणि मॉलमधून बुर्जच्या दाराशी. मे महिन्याच्या दुपारी चाळीस अंशांच्या उन्हात एक पाऊलही रस्त्यावर टाकावे लागत नाही, यातच त्या शहराचा स्वभाव कळतो.

मेट्रोला ड्रायव्हर नाही हे आईला पहिल्यांदा पटलेच नाही. पण बायका-मुलांसाठी वेगळा भाग राखलेला दिसला तेव्हा तिचा चेहरा खुलला. "इथंही लेडीज डबा आहे की गं!" असे म्हणून तिने पुढे होऊन खिडकीची जागा धरली, ती अशी की सकाळची विरार गाडीच पकडली आहे.

बुर्जच्या पायथ्याशी उभे राहून वर पाहिले की मान दुखते, पण उंची कळत नाही. ८२८ मीटर हा आकडा वाचून तर मुळीच कळत नाही. म्हणून मी रोजच्या मापाने हिशेब केला. बारा डब्यांच्या तीन लोकल एकीच्या टपावर एक अशा उभ्या केल्या, तरी बुर्जच्या टोकाला जवळजवळ तीन डबे कमी पडतात. गंमत अशी की माणसाच्या वापरातला सर्वांत वरचा मजला सुमारे ५८५ मीटरवर संपतो. त्यावरचा अडीचशे मीटरच्या आसपासचा भाग म्हणजे निमुळता होत गेलेला मनोरा. तिथे कोणी राहत नाही. म्हणजे वरची एक लोकल जवळजवळ पूर्ण रिकामीच आहे, केवळ उंचीसाठी!

इतकी उंच इमारत बांधण्याची कल्पना तशी फार जुनी नाही. दगड-विटांची भिंत जितकी उंच न्यावी तितकी तळाशी जाड करावी लागते, आणि माणूसही पायाने पाच-सहा मजल्यांहून अधिक रोज चढत नाही. या दोन अडचणी एकोणिसाव्या शतकात सुटल्या. १८५४ साली न्यूयॉर्कच्या प्रदर्शनात एलिशा ओटिस हा कारागीर उघड्या पाळण्यावर उभा राहिला आणि त्याने लोकांसमोर तो पाळणा तोलणारा दोर कापायला लावला. पाळणा जरासा घसरून जागीच अडकला. दोर तुटला तरी पाळणा कोसळणार नाही अशी ही युक्ती होती, आणि तिच्यामुळे लिफ्टमध्ये माणसे निर्धास्त बसू लागली. पुढे १८८५ च्या सुमारास शिकागोत एका दहा मजली इमारतीचा भार भिंतींऐवजी मुख्यतः लोखंडी सांगाड्यावर घेतला गेला. त्यानंतर इमारती झपाट्याने वाढल्या. न्यूयॉर्कची एम्पायर स्टेट बिल्डिंग १९३१ साली १०२ मजल्यांवर पोचली.

यापुढच्या उंचीला आडवा आला तो वारा. इमारत जितकी उंच तितकी वाऱ्याची ढकल मोठी, आणि तिला तोंड द्यायला आतले लोखंड बेसुमार वाढवावे लागे. हे कोडे सोडवणाऱ्यांत अग्रभागी होता आपल्याच उपखंडातला एक माणूस. फजलुर रहमान खान हे त्याचे नाव. तो १९२९ साली ढाक्याकडे जन्मला, शिकून शिकागोत स्थायिक झाला. त्याने असे मांडले की इमारतीचा भार आतल्या खांबांवर विखरून टाकण्यापेक्षा तिच्या बाहेरच्या अंगावर घ्यावा. म्हणजे इमारत भरीव काठीसारखी न करता पोकळ बांबूसारखी करावी. बांबू वजनाला हलका, पण वाऱ्यात मोडत नाही. या पद्धतीने १९७० च्या दशकात शिकागोत ११० मजल्यांचा सिअर्स टॉवर उभा राहिला. खान १९८२ साली वारला. ज्या कंपनीत त्याने आयुष्य घालवले, त्याच कंपनीच्या एड्रियन स्मिथ या वास्तुशिल्पकाराने आणि बिल बेकर या अभियंत्याने पुढे बुर्ज खलिफाचा आराखडा केला.

बुर्जचा आकार वरून पाहिला तर तीन पाकळ्यांसारखा आहे. मधोमध एक षट्कोनी गाभा आणि त्याला तीन दिशांनी चिकटलेले तीन पंख. शेताच्या बांधावर एकटा खांब पुरला तर वाऱ्याने कलतो. पण त्याला तीन बाजूंनी टेकू दिले की कोणत्याही दिशेने वारा आला तरी एखादा टेकू त्याला धरतोच. बुर्जचे पंख हे त्या गाभ्याचे टेकू आहेत, आणि गाभा पंखांना पीळ पडू देत नाही. शिवाय हे पंख एकाच उंचीवर संपत नाहीत. आधी एक, मग दुसरा, मग तिसरा असे नागमोडी जिन्यासारखे ते मागे सरत जातात. त्यामुळे प्रत्येक उंचीवर इमारतीची रुंदी वेगळी. यामागे शोभेपेक्षा हिशेब मोठा आहे. उंच इमारतीच्या बाजूंनी वारा जातो तेव्हा त्याचे भोवरे तयार होतात, आणि ते ठरावीक लयीत सुटू लागले तर इमारतही त्या लयीत डोलू लागते. झोपाळ्याला लयीत रेटा दिला की तो जसा उंच जातो तसे. आकार सतत बदलत गेला की भोवऱ्यांची एक लय जमतच नाही. वाऱ्याला गोंधळात टाकायचे, असाच हा डाव आहे.

आता पाया. दुबईच्या वाळूखाली कातळ आहे, पण तो आपल्या सह्याद्रीच्या काळ्या दगडासारखा नाही. मऊ, ठिसूळ आहे. मग एवढा भार पेलतो कोण? टॉवरखाली दीड मीटर व्यासाचे आणि सुमारे ४३ मीटर लांबीचे काँक्रीटचे १९२ खांब जमिनीत उतरवले आहेत आणि त्यांच्यावर ३.७ मीटर जाडीची काँक्रीटची बैठक आहे. हे खांब खाली एखाद्या पक्क्या खडकावर टेकून उभे आहेत, अशी माझी आधी समजूत होती. ती चूक होती. ते मुख्यतः आपल्या अंगाच्या घर्षणाने तगून आहेत. आपल्याकडे खाडीत डोल जाळे लावायला मच्छीमार खुंट ठोकतात, ते काही तळाच्या खडकात रुतलेले नसतात. चिखलच त्यांना चहूबाजूंनी आवळून धरतो. तत्त्व तेच, माप तेवढे अवाढव्य. त्यातून तिथले भूजल समुद्राच्या पाण्याहूनही खारट. असे पाणी काँक्रीटमधून झिरपून सळई खाते, म्हणून पायाला जलरोधक वेष्टण घातले आणि सळई गंजू नये यासाठी विजेच्या सौम्य प्रवाहाची योजनाही केली.

या इमारतीसाठी सुमारे ३ लाख ३० हजार घनमीटर काँक्रीट आणि ३९ हजार टन सळई लागली. काँक्रीट ६०० मीटरहून अधिक उंचीपर्यंत पंपाने चढवले, हा त्या वेळी विक्रम होता. उन्हाळ्यात ते दिवसा ओतले तर मुरण्यापूर्वीच तडकेल, म्हणून रात्री, बर्फ मिसळून ओतीत. काम ऐन भरात असताना रोज बारा हजारांच्या आसपास माणसे तिथे राबत, आणि त्यांत बहुसंख्य भारत, पाकिस्तान, बांगलादेश, नेपाळकडची. मार्च २००६ मध्ये याच जागेवर कामगारांचा असंतोष उफाळून आला; पगार आणि वागणूक ही कारणे होती, आणि ती बातमी जगभर गेली. काम मात्र चालूच राहिले. ४ जानेवारी २०१० रोजी उद्घाटन झाले, तोपर्यंत 'बुर्ज दुबई' म्हणून ओळखल्या जाणाऱ्या इमारतीचे नाव त्याच दिवशी 'बुर्ज खलिफा' झाले. मंदीत अडकलेल्या दुबईला शेजारच्या अबुधाबीने मोठे आर्थिक साहाय्य केले होते. खलिफा हे तिथल्या तेव्हाच्या अमिराचे नाव.

वर जाण्याच्या वाटेवर बांधकामाची छायाचित्रे लावली आहेत. लोक घाईने पुढे सरकत होते. आई मात्र एका चित्रापाशी थबकली. सळयांची जाळी आणि त्यात वाकलेली माणसे. "दादा हेच बांधायचा," ती म्हणाली. मागच्या बाईने 'एक्स्क्यूज मी' म्हटल्यावर आम्ही पुढे झालो.

लिफ्ट सेकंदाला दहा मीटर वेगाने जाते. एकशे चोविसावा मजला एका मिनिटात आला. कानाला दडे बसले, एवढीच काय ती खूण. बाकी हलल्याचे कळलेसुद्धा नाही. हा मजला ४५२ मीटरवर आहे. पृथ्वी गोल असल्यामुळे माणसाला किती दूरचे दिसावे याला मर्यादा आहे, आणि उंचीच्या वर्गमुळाला साडेतीनने गुणले की ते अंतर किलोमीटरमध्ये ढोबळ मानाने मिळते, हे आपण भूगोलात शिकतो. या हिशेबाने तिथून ७५ किलोमीटरपर्यंत दिसायला हवे. मी मनात म्हटले, हाच बुर्ज वैतरणा स्टेशनवर असता तर? स्वच्छ हवेत दक्षिणेला कुलाब्याचे टोक आणि उत्तरेला उंबरगाव, म्हणजे आपल्या रोजच्या गाडीचा सारा मार्ग आणि वर आणखी थोडा, एका नजरेत आला असता. दुबईत मात्र हवेत बारीक धूळ होती. खाली रस्त्यांच्या दोऱ्या, खेळण्यातल्यासारखे टॉवर, एका बाजूला फिकट निळा समुद्र आणि दुसऱ्या बाजूला धुरकट पिवळे वाळवंट. त्यापुढे काही नाही.

सूर्य मावळायला आला होता. इतक्या उंचीवर सूर्य जमिनीपेक्षा दोन-तीन मिनिटे उशिरा मावळतो. यावरून २०११ साली दुबईच्या धर्मगुरूंनी असा निर्णय दिला, की ऐंशीव्या मजल्याच्या वर राहणाऱ्यांनी रमजानचा रोजा दोन मिनिटे आणि दीडशेच्या वर राहणाऱ्यांनी तीन मिनिटे उशिरा सोडावा. भूगोल असा थेट ताटापर्यंत पोचतो याचे मला फार नवल वाटले.

मी हे सगळे आईला उत्साहाने सांगत होते. ती काचेला हात टेकून शांत उभी होती. मग तिने विचारले, "एवढ्या वर पाणी कसं गं चढवतात?"

सबंध दिवसात मला हा प्रश्न सुचला नव्हता. तिला सुचला, कारण ती वाढीवची. चारी बाजूंनी पाणी, पण खाडीचे. तिच्या लहानपणी होळी सरली की घरामागच्या विहिरीचे पाणी मचूळ व्हायचे. मग गोडे पाणी पलीकडून आणायचे, कधी होडीने, कधी डोक्यावर हंडा घेऊन पुलावरून. गाडीचा आवाज आला की पुलाच्या कडेला माणूस उभा राहील एवढ्या जागेत अंग चोरून उभे राहायचे. गाडी निघून जाईपर्यंत हंडा दोन्ही हातांनी धरायचा. "स्वतःला धरायचं की हंड्याला, असं व्हायचं," ती सांगते.

त्या वेळी मला नीट उत्तर देता आले नाही. ते मी नंतर वाचून काढले. पाण्याच्या दहा मीटर उंच स्तंभाचा दाब दर चौरस सेंटिमीटरवर सुमारे एक किलो पडतो. गच्चीवरच्या टाकीचे पाणी तळमजल्याच्या नळाला जोरात येते ते यामुळेच. पाचशे ऐंशी मीटरवर पाणी एका दमात चढवायचे तर तळाच्या नळीवर याच्या अठ्ठावन्न पट दाब येईल. म्हणून उंच इमारतीत पाणी टप्प्याटप्प्याने चढवतात. बुर्जमध्ये साधारण दर तीस मजल्यांनी यंत्रांसाठी राखलेले मजले आहेत. खालच्या टाकीतून मधल्या टाकीत, तिथून वरच्या टाकीत, आणि मग प्रत्येक टाकीतून खालच्या मजल्यांना. पुलावरच्या बायकांनी हातोहात हंडे पुढे द्यावेत, तसाच हा प्रकार. दिवसाला सरासरी ९ लाख ४६ हजार लिटर पाणी असे चढते. दुबईत नदी नाही. हे पाणी समुद्राचे खारे पाणी गोडे करून मिळवलेले असते आणि त्याला भरपूर इंधन लागते. आणखी एक गोष्ट मला फार आवडली. बाहेरची हवा दमट आणि आतली थंड, त्यामुळे वातानुकूलन यंत्रांवर दव जमते. ते पाणी फुकट न घालवता एका टाकीत गोळा करून भोवतालच्या बागेला देतात. वर्षाला ते साडेपाच कोटी लिटरहून अधिक भरते.

हे वाचत असतानाच प्रश्न पुढे सरकला. दुबईचे पाणी समुद्रातून येते. मग मुंबईत गिरण्यांच्या जागेवर जे पन्नास-साठ मजली टॉवर झाले, त्यांच्या वरच्या मजल्यावर चढणारे पाणी कुठले?

उत्तर आपल्याला ठाऊक असते, पण आपण ते मनावर घेत नाही. मुंबईला पाणी देणाऱ्या सात तलावांपैकी मोडकसागर, अप्पर वैतरणा आणि मध्य वैतरणा हे तीन आपल्या वैतरणेवरच आहेत. चौथा तानसा, ती वैतरणेची उपनदी. तानसाचे धरण १८९२ चे, मोडकसागर १९५७ चे, अप्पर वैतरणा १९७३ चे. मध्य वैतरणेचे धरण २०१४ साली पुरे झाले. त्याची उंची १०२ मीटर, म्हणजे तीस मजली इमारतीएवढी. त्र्यंबकच्या डोंगरात निघालेली नदी अशी तीन ठिकाणी अडते, तिचे गोडे पाणी जलवाहिन्यांतून भांडुपला जाते, शुद्ध होते आणि मुंबईच्या टाक्यांत चढते. आपल्या पुलाखाली जी वैतरणा दिसते ती भरती-ओहोटीची खाडी, खारी.

मुंबईने पाणी घेऊ नये असे मला म्हणायचे नाही. आपल्याच घरची माणसे त्या शहरात पोटासाठी जातात आणि तेच पाणी पितात. पण हिशेब पुरा मांडावा असे मात्र वाटते. पाण्यासारखीच रेतीचीही गोष्ट. वाळवंटात वाळूला काय तोटा, असे वाटते. पण ती वाळू काँक्रीटला चालत नाही. शतकानुशतके वाऱ्याने घासून तिचे कण मोहरीसारखे गुळगुळीत झालेले असतात, ते एकमेकांना धरत नाहीत. नदीच्या रेतीचे कण कोनदार, म्हणून त्यांची पकड पक्की. खाडीची रेती क्षार काढण्यासाठी धुऊन घ्यावी लागते एवढेच. अशी कोनदार, पकड धरणारी रेती आमच्या मामाने बादल्या-बादल्यांनी वर काढली. पुढे होड्यांची जागा सक्शन पंपांनी घेतली. खाडीचा तळ खरवडला गेला आणि ज्या रेल्वे पुलांवरून आपण ये-जा करतो त्यांच्याच पायांना धोका निर्माण झाला. पुलाच्या परिसरात रेती उपसायला आता बंदी आहे. म्हणजे पाहा, बुर्जच्या खांबांना मातीने आवळून धरावे म्हणून केवढा खटाटोप, आणि आपल्या पुलाच्या खांबांभोवतीची रेती आपणच विकून मोकळे झालो!

भूगोलाच्या तासाला सर एकदा म्हणाले होते की नकाशावर उंची दाखवायला रंग असतो, पण त्या उंचीची किंमत कोणी दिली ते दाखवायला रंग नसतो. तेव्हा मी ते वहीत उतरवून घेतले होते. त्याचा अर्थ दुबईत कळला.

खाली उतरण्यापूर्वी मी मामाचे काम केले. नकाशावरून दिशा ठरवली, ईशान्येकडच्या काचेपाशी जाऊन बराच वेळ पाहिले. विमानतळाचे दिवे लागलेले ओळखू आले. त्यापलीकडे धुळीत सगळे एकसारखे. तिथल्या दुर्बिणीतूनही पाहिले. सोनापूर दिसले नाही. निदान मला ओळखता आले नाही. आईने तर एकदाच पाहून मान वळवली. रात्री विमानतळावर आम्ही घरून आणलेल्या दशम्या आणि लसणाची चटणी खाल्ली आणि साडेतीनच्या विमानाने पुढे निघालो.

ताईला मुलगी झाली. दोघी सुखरूप. आई तिकडेच राहिली आणि मी जूनअखेर परत आले. आल्यावर पहिल्या रविवारी मामाकडे गेले. बुर्जचे फोटो दाखवले. ते त्याने भरभर सरकवले, फक्त सळयांच्या जाळीचा फोटो मोठा करून पाहिला आणि "बांधणी चांगली आहे," एवढेच म्हणाला. मग विचारले, "सोनापूर?"

"नाही दिसलं मामा," मी म्हटले. "धूळ फार होती."

तो थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "आम्हाला तिथून तो रोज दिसायचा."

परत येताना पुलावरून चालत आले. आईने सांगितले होते तशीच गाडी आली, तशीच कडेला अंग चोरून उभी राहिले. डब्याच्या दारात उभी असलेली मुले माझ्याकडे पाहतही नव्हती. उद्या सकाळी मीही त्याच गाडीत असेन. यापुढे पूल आला की खाली पाहायचे, एवढे मात्र मी ठरवले आहे.